मग कोकिळा काय करते?

मराठी कवितेत कोकिळा गाते, विज्ञानाच्या तासाला मात्र ती गात नाही. पक्ष्यांचा धडा आला की मुलांची ही चूक मी कित्येक वर्षे मोठ्या हौसेने दुरुस्त करीत आलो. कुहू कुहू करतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी असते, तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि ती गात नाही. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग कोकिळा काय करते?" मी म्हणालो, "ऐकते." वर्ग हसला आणि तास पुढे सरकला.

उत्तर चटकदार होते, पण ते मी कुठे वाचलेले नव्हते आणि पाहिलेले तर मुळीच नव्हते. नर गातो, मादी ऐकते आणि निवड करते, असे एक चित्र डोक्यात तयार होते. रिकाम्या जागी मी ते भरले, इतकेच.

या प्रसंगाची आठवण झाली ती लोंडा शीबिंगर या अमेरिकन विज्ञान-इतिहासकार बाईंची दोन पुस्तके पुन्हा वाचताना. १९९३ चे 'नेचर्स बॉडी' आणि १९९९ चे 'हॅज फेमिनिझम चेंज्ड सायन्स?'. स्त्रीवादाने विज्ञान बदलले का, हा दुसऱ्या पुस्तकाच्या नावातलाच प्रश्न आहे. त्यात खरे तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत आणि आपण नेहमी त्यांची गल्लत करतो. प्रयोगशाळेत स्त्रिया किती, त्यांना दार उघडले गेले का, हा पहिला प्रश्न. कमला सोहोनींना बंगळूरच्या संस्थेत प्रवेश द्यायला रामन यांनी १९३३ साली कशी कांकू केली, ही गोष्ट आपण ८ मार्चला परिपाठात सांगतो. ती या पहिल्या प्रश्नाची. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. समाजाच्या स्त्री-पुरुषांविषयीच्या समजुती विज्ञानाच्या आशयातच, म्हणजे आपण फळ्यावर लिहितो त्या मजकुरातच, मिसळल्या आहेत का? असतील तर त्या कशा ओळखायच्या? शिक्षक म्हणून मला हा दुसरा प्रश्न जास्त झोंबतो.

शीबिंगर यांचे म्हणणे थोडक्यात असे. वस्तुस्थिती आपण होऊन बोलत नाही. कोणता प्रश्न विचारायचा, कोणता प्राणी निवडायचा, कोणाचे शरीर नमुन्यादाखल धरायचे, यंत्र कुठे ठेवायचे, हे सगळे माणूस ठरवतो, आणि हे ठरवताना त्याच्या घरातल्या आणि गावातल्या समजुती सोबत येतात. हे मला मान्य आहे. पण या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ जी उदाहरणे दिली जातात ती सगळी सारख्या वजनाची नाहीत. काही नुसती मनोरंजक आहेत, काही अर्धी खरी, आणि मोजकी अशी की त्यांनी खरोखर एखादा निष्कर्ष हलवला. ही निवड केल्याशिवाय हा विषय वर्गात न्यायचा म्हणजे विज्ञान म्हणजे ज्याचे त्याचे मत, असा भलताच ग्रह मुलांना देण्यासारखे होईल.

मनोरंजक उदाहरण 'सस्तन' या शब्दाचे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली 'सिस्टिमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती काढली. तोवर 'चतुष्पाद' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गाला त्याने 'मॅमॅलिया' असे नवे नाव दिले. मॅमा म्हणजे स्तन. आपला 'सस्तन' हा त्याचाच सरळ अनुवाद. देवमाशाला चार पाय नसल्यामुळे जुने नाव अडचणीचे होते, हे खरे. पण स्तन हा अवयव काम करतो तो फक्त मादीत आणि तोही काही काळच. अंगावरच्या केसांवरून नाव देता आले असते, आईचे दूध पिणारे असेही म्हणता आले असते, कारण दूध नर-मादी दोन्ही पिल्ले पितात. जर्मन भाषेतले नाव तसेच आहे आणि हिंदीतले 'स्तनपायी'सुद्धा तसेच. मग लिनियसने हेच नाव का निवडले? तो स्वतः वैद्य होता. श्रीमंत घरांतली मुले दाईच्या दुधावर वाढवण्याच्या चालीविरुद्ध त्याने १७५२ साली एक पुस्तिका लिहिली होती. स्त्रीने घरी राहून मुलाला अंगावर पाजावे हा त्या काळचा मोठा वाद होता. शीबिंगर म्हणतात, नावामागे हा वाद आहे. त्याच आवृत्तीत माणसाला 'होमो सेपियन्स', म्हणजे शहाणा माणूस, हे नाव मिळाले. म्हणजे माणसाला जनावरांशी जोडणारी खूण घेतली ती बाईची, आणि जनावरांपासून वेगळे करणारी खूण घेतली ती बुद्धीची, जी त्या काळी पुरुषाची मानली जाई.

वाचताना आपण थक्क होतो. पण पुस्तक मिटून विचार केला की शंका येते. लिनियसच्या मनात काय होते हे सिद्ध कसे करणार? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नाव काहीही असो, हा गट खरा आहे. वटवाघूळ, देवमासा आणि माणूस एकाच वर्गात बसतात हे रेणूंच्या अभ्यासानेही टिकले. इथे दृष्टिकोनाने पाटी बदलली, पाटीखालचा माल बदलला नाही.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र त्याने मालही बदलला. १७३५ च्या पद्धतीत त्याने सपुष्प वनस्पतींचे वर्ग मुख्यतः पुंकेसरांवरून पाडले आणि त्या वर्गांखालचे गण पाडताना स्त्रीकेसर मोजले. पुंकेसरांना पती आणि स्त्रीकेसरांना पत्नी अशी त्याची भाषा होती. एका पुंकेसराची फुले म्हणजे 'एकपतिक'. आपण आजही 'जायांग' शिकवतो. जाया म्हणजे बायको, हे किती विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगायचे तर किती शिक्षकांना, ठाऊक असते? नर अवयवाने वरची पातळी ठरवावी आणि मादी अवयवाने खालची, याला फुलात काहीच आधार नव्हता. मोजायला सोपी म्हणून ती पद्धत गाजली. पण एकमेकींशी नाते नसलेल्या वनस्पती तिच्यात एका खणात पडत, म्हणून पुढे ती टाकून द्यावी लागली. ती टाकली कोणा स्त्रीवाद्याने नव्हे. वनस्पतींची नैसर्गिक नाती शोधणाऱ्यांनी टाकली. हे ध्यानात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

आता आपल्या नेहमीच्या धड्याकडे येऊ. शुक्रपेशी आणि अंडपेशी. एमिली मार्टिन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली पाठ्यपुस्तकांतली या विषयावरची भाषा तपासली. शुक्रपेशी पोहते, झुंजते, भेदते, जिंकते. अंडपेशी सोडली जाते, वाहून नेली जाते, वाट पाहते. एक नायक, दुसरी नायिका. आणि प्रयोगशाळेत काय दिसत होते? शुक्रपेशीच्या डोक्याचा पुढे ढकलण्याचा जोर अगदी क्षीण असतो, आजूबाजूला हलण्याचा जोर जास्त असतो. अंडपेशीचे आवरण तिला चिकटवून धरते. शिवाय स्त्रीच्या जननमार्गात काही काळ राहिल्याशिवाय शुक्रपेशीला फलनाची क्षमताच येत नाही.

इथे मार्टिनबाईंच्या चाहत्यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. ही शेवटची गोष्ट चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी १९५१ सालीच स्वतंत्रपणे शोधली होती. दोघेही पुरुष, आणि स्त्रीवादाची लाट तेव्हा यायची होती. म्हणजे जुनी समजूत शोधाला नेहमी आडवी येतेच असे नाही. ती आडवी येते ती शोध लागल्यानंतर. माहिती उपलब्ध होती, पण शर्यतीच्या गोष्टीत तिला बसायला जागा नव्हती, म्हणून गोष्ट तशीच छापली जात राहिली. हा दोष आपल्या, म्हणजे पुस्तके लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांच्या, पदरात पडतो. आपल्या वर्गातल्या पुस्तकातला फलनाचा परिच्छेद काढून मुलांना दोन्ही पेशींची क्रियापदे दोन रकान्यांत लिहायला सांगा. दहा मिनिटांचे काम आहे. मी ते केले तेव्हा दुसऱ्या रकान्यात कर्मणी प्रयोगाची रांग लागली. मराठीच्या बाईंनी तोच उतारा प्रयोग शिकवायला मागून नेला.

पण भाषेची तपासणी म्हणजे विज्ञानाची तपासणी नव्हे. या विषयातले सर्वांत भारी उदाहरण शीबिंगर यांच्या पुस्तकांनंतरचे आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे.

अँगस बेटमन हे इंग्लंडमधले वनस्पती-आनुवंशिकीचे अभ्यासक. १९४८ साली त्यांनी फळमाश्यांवरचा, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिलावरचा, एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच नर आणि तितक्याच माद्या एका बाटलीत. अशा ६४ बाटल्या. प्रश्न असा, की जास्त जोडीदार मिळाले तर संतती जास्त होते का, आणि हे नरात जास्त खरे की मादीत? डीएनए चाचणी तेव्हा नव्हती. मग कोणाचे मूल कोणते हे कसे कळणार? बेटमन यांनी फार हुशार युक्ती केली. बाटलीतल्या प्रत्येक माशीला डोळ्यांना दिसणारे वेगळे उत्परिवर्तन होते: एकीचे पंख वळलेले, दुसरीचे केस जाड, तिसरीचे डोळे आक्रसलेले. ही लक्षणे प्रभावी, आणि प्रत्येकीत त्याची एकच प्रत. मेंडेलची चौकट मांडली की चार प्रकारची संतती दिसते: दोन्ही खुणा असलेली, फक्त बापाची खूण असलेली, फक्त आईची असलेली आणि बिनखुणेची. प्रत्येकी पंचवीस टक्के. आईबाप दोघेही नक्की कळतात ते फक्त पहिल्या प्रकारात, म्हणून कोणाची कोणाशी जोडी जमली हे त्यांवरून मोजायचे.

निष्कर्ष असा निघाला की जोडीदार वाढतील तशी नराची संतती वाढते, मादीची वाढत नाही. कारण शुक्रपेशी स्वस्त आणि अंडी महाग. म्हणून नर उतावीळ, मादी चोखंदळ. बेटमन यांनी हा नियम जाता जाता माणसापर्यंतही नेला. १९७२ साली रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी आपल्या गाजलेल्या लेखात त्याचा आधार घेतला आणि 'बेटमनचे तत्त्व' पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

वास्तविक बेटमन यांचे आलेख दोन होते. प्रयोगांच्या सहा मालिकांपैकी पहिल्या चारांच्या आलेखात माद्यांची संततीही जोडीदारांबरोबर वाढताना दिसते, नरांपेक्षा कमी, पण वाढते. पाठ्यपुस्तकांनी वर्षानुवर्षे छापला तो शेवटच्या दोन मालिकांचा आलेख.

खरी गोम पुढेच आहे. पॅट्रिशिया गोवाटी या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाई स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवतात. नीलपक्ष्यांच्या घरट्यातली सगळी पिल्ले त्याच जोडप्याची नसतात हे त्यांना १९८० च्या दशकातच आढळले होते. त्यांनी बेटमन यांचे मूळ आकडे पुन्हा मांडले आणि २०१२ साली किम आणि अँडरसन या सहकाऱ्यांसह त्याच युक्तीने प्रयोगही करून पाहिला. आकड्यांत त्यांना काय सापडले? बेटमन यांच्या नोंदीत आयांपेक्षा बापांच्या नावावर अधिक संतती होती! प्रत्येक जीवाला एकच आई आणि एकच बाप. शंभर माश्या जन्मल्या तर बापांच्या खात्याची बेरीज शंभर आणि आयांच्या खात्याची बेरीजही शंभरच यायला हवी. सातवीतल्या मुलालाही पकडता येईल अशी ही तफावत.

ती आली कुठून? दोन्ही उत्परिवर्तने एकाच माशीत आली की पुष्कळदा ती माशी जगतच नाही, मोजणीपूर्वीच मरते. २०१२ च्या प्रयोगात दुहेरी खुणांची संतती पंचवीस टक्क्यांच्या पुष्कळ खाली होती. म्हणजे ज्या जोडीची संतती ओळखायची, नेमकी तीच हिशेबातून गळत होती. जोडी जमलेली असूनही 'जोडी जमली नाही' अशी नोंद होत होती. या युक्तीने मूळ प्रश्नाचे उत्तर मिळूच शकत नव्हते.

आणि हे लक्षात यायला सुमारे सहा दशके का लागावीत? बेटमन लबाड नव्हते. त्यांनी आपले आकडे मोकळेपणाने छापले, म्हणून तर पुढच्यांना ते तपासता आले. चौकटीतले पंचवीस टक्के प्रत्यक्षात आले का, हे कोणीही विचारू शकला असता. कोणी विचारले नाही, कारण उत्तर ओळखीचे होते. अनपेक्षित उत्तर आले की आपण प्रयोग पुन्हा पुन्हा तपासतो. अपेक्षित आले की शाबासकी देतो. लिंगभावाची दृष्टी नेमकी इथे कामाला येते. इतरांना जे उत्तर ओळखीचे वाटत होते ते गोवाटींना तसे वाटले नाही, म्हणून त्यांनी बेरीज करून पाहिली.

आता दुसरी बाजू. गोवाटींच्या कामाने उलट गोष्ट सिद्ध झाली असे काहीजण मानतात, ते चूक आहे. या पद्धतीने बेटमन यांचा निष्कर्ष निघत नाही, एवढेच त्यातून निघते. २०१६ साली टिम यानिके आणि सहकाऱ्यांनी साठाहून अधिक प्राणिजातींवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. तेव्हा सरासरीने ही निवड नरांत जास्त तीव्र दिसली. म्हणजे बेटमन यांचा मार्ग चुकला असला तरी गाव बरेचसे तेच निघाले. पण ही सरासरी आहे, नियम नव्हे. आपल्याकडच्या तळ्यांवरचा कमळपक्षी पाहा: मादी अनेक नरांशी जोडी जमवते, अंडी घालून मोकळी होते आणि उबवायचे, पिल्ले सांभाळायचे काम नर करतो. राजस्थानात माउंट अबूच्या वानरांमध्ये सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात पाहिले की माद्या टोळीबाहेरच्या नरांशीही आपण होऊन समागम करतात. नवा नर पिल्ले मारतो. पिल्लू आपले असेल अशी शंका त्याच्या मनात असली तर ते वाचते, असा त्यांचा तर्क. 'चोखंदळ आणि निष्क्रिय' या वर्णनात ही वानरीण बसत नाही.

असेच, पण थोडक्यात, उंदरांचे. औषधे आणि मेंदूविषयीच्या संशोधनात नर उंदीर वापरण्याची रीत होती. २०११ सालच्या एका पाहणीत मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. कारण सांगितले जाई ते मादीच्या चक्राचे: संप्रेरके बदलतात, आकडे विस्कळित येतात. ऐकायला पटण्यासारखे. २०१४ साली २९३ शोधनिबंधांतले आकडे एकत्र तपासले गेले तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा अधिक विस्कळित नव्हते. गृहीत तपासण्याजोगे होते, फक्त ते कोणी तपासले नव्हते.

अभियांत्रिकीत हा प्रश्न अधिक सरळ होतो, कारण तिथे चूक कोणाच्या तरी अंगाला भिडते. मोटारीच्या टक्कर-चाचणीत बसवायचा बाहुला १९७० च्या दशकापासून सरासरी पुरुषाच्या मापाचा, सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलोचा. पुढे स्त्रीचा म्हणून आला तोही याच बाहुल्याला आटवून केलेला, अगदी लहान चणीचा. सरासरी स्त्रीच्या मापाचा बाहुला स्वीडनमध्ये आस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने पुढे आणला तो २०२२ साली. पट्टा बांधलेल्या स्त्री चालकांना तशाच अपघातात गंभीर दुखापतीची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त, असे २०११ चा एक अमेरिकी अभ्यास सांगतो. हा आकडा वर्गात सांगताना पुढचेही सांगावे: २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात, स्त्रिया लहान गाड्या चालवतात हे हिशेबात घेतल्यावर फरक बराच कमी झाला, पायांच्या दुखापतींचा मात्र राहिला.

मला स्वतःला बाहुल्यापेक्षा चूल अधिक बोलकी वाटते. हवेच्या प्रदूषणाची यंत्रे शहरातल्या चौकात बसवली जात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत मोजणीचे यंत्र स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच लावले. घरातल्या धुराचे प्रमाण शहरातल्या हवेला मागे टाकणारे निघाले. यंत्र तसेच, पद्धतही तशीच, जागा फक्त बदलली. स्मिथ पुरुष होते, हेही नोंदवायला हवे. ही दृष्टी बाईच्या जन्माला आल्यावरच मिळते असे नाही आणि आल्याने आपोआप मिळते असेही नाही. शीबिंगर स्वतः हेच म्हणतात. त्यांच्या नावाने उलटे सांगणारे पुष्कळ भेटतात.

धूर कळल्यावरही चूल सुधारली का? १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या फार थोड्या टिकल्या. चुलीचा कस लावण्याची नेहमीची रीत म्हणजे भांड्यात पाणी उकळायचे आणि लाकूड किती जळले ते पाहायचे. पण आपल्याकडे चुलीवर नुसते पाणी उकळत नाहीत. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करून शेकायची असते, तेव्हा ती फुगते. तोंड बारीक केलेल्या, जळण वाचवणाऱ्या चुलीत ही सोय कुठे आहे? घरातल्या बाईने चार दिवस पाहिले आणि वीट काढून तोंड मोठे केले. कागदावरचा 'वापरकर्त्याचा दोष' तो हाच. ओडिशात रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींवर काही वर्षे नजर ठेवली. पहिल्या वर्षी धूर कमी लागला, पुढे फायदा विरून गेला, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. प्रयोगशाळेतला आकडा खोटा नव्हता. तो पाणी उकळण्याचा आकडा होता, स्वयंपाकाचा नव्हे.

शीबिंगर यांच्या पुस्तकाची लंगडी बाजू या उदाहरणांशेजारी ठेवल्यावर उघडी पडते. जीवशास्त्र, वैद्यक, मानवाची उत्पत्ती यांवरची प्रकरणे भरीव आहेत. भौतिकशास्त्र आणि गणिताकडे वळल्यावर उदाहरणे पातळ होतात, आणि ती त्या विषयांतल्या वातावरणाची होतात, आशयाची नव्हे. पडणाऱ्या दगडाला नर-मादी नसते. असे साफ म्हणून मोकळे होण्यात काही कमीपणा नव्हता.

आता कोकिळेकडे परत जाऊ. पक्ष्यांत नर गातो हा नियम ज्यांनी लिहिला ते बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतले, थंड प्रदेशातले निरीक्षक. तिथे बऱ्याच जातींत माद्या खरोखरच कमी गातात. २०१४ साली करन ओडम आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ३२३ गायक जातींची माहिती गोळा केली. त्यांपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते असे आढळले. इतकेच नव्हे, या पक्ष्यांच्या सामाईक पूर्वजांतही मादी गात असावी, असा त्यांचा निष्कर्ष. लेखक पाच, त्यांत चार स्त्रिया. शोध फक्त त्यामुळे लागला असे मी म्हणणार नाही, उष्ण प्रदेशातल्या नोंदी हाताशी आल्या हेही तितकेच कारण आहे. काटेकोरपणे पाहता कोकीळ या गायक गटातला नाही, तो पावश्याच्या कुळातला. म्हणून कुहू नराचेच, ही दुरुस्ती मी अजूनही करतो.

पण 'ऐकते' हे उत्तर आता देत नाही. मादी 'किक् किक् किक्' असा तीव्र आवाज काढते. उन्हाळ्यात कान देऊन बसले की तो कोणालाही ऐकू येतो. तिच्या युरोपातल्या नातेवाईक कोकिळेचाही असा, नराच्या 'कक्कू'हून वेगळा, खिदळल्यासारखा आवाज आहे. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. २०१७ साली केंब्रिजच्या जेनी यॉर्क आणि निक डेव्हिस यांनी दाखवले की हा आवाज ऐकून यजमान पक्षी शिकरा आल्यासारखा सावध होतो, त्याचे लक्ष घरट्यावरून उडते आणि परके अंडे त्याच्या नजरेतून निसटण्याची शक्यता वाढते. आपल्या कोकिळेचे 'किक् किक्' कावळ्यांवर असेच काम करते का? मे-जूनमध्ये शाळेच्या आवारात कावळ्याचे घरटे असेल तर हा आवाज किती वाजता आला, कावळे तेव्हा घरट्यावर होते का आणि आवाजानंतर कुठे गेले, एवढे तीन रकाने वहीत आखून द्यावेत. वहीवर नाव घालायचे झाले तर त्या मुलीचा प्रश्नच घालावा.